किती लांब?

दोन शहरांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर सांगणारी एक वेबसाइट आहे. एका चौकोनात इथलं नाव टाकायचं, दुसऱ्यात तिथलं. खाली जगाचा नकाशा उघडतो आणि त्यावर एक वाकडी निळी रेघ येते. विमानाला किती तास लागतील तेही ती सांगते. गाडीनं किती लागतील, या रकान्यात माझ्यासाठी कायम एक आडवी खूण असायची.

आमच्या शहराचं नाव बदललंय हे तिला माहीत नव्हतं. संभाजीनगर टाकलं की काहीच निघायचं नाही. औरंगाबाद टाकलं की दोन निघायची, एक आमचं आणि एक बिहारमधलं. चुकून बिहारच्या नावावर बोट पडलं तर टोरांटो अडीचशे किलोमीटरनं जवळ यायचं. एकदा-दोनदा मी मुद्दाम ते तसंच राहू दिलं.

टोरांटोला माझी ताई असते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती झेडपीच्या मराठी शाळेत शिकली. माझी वेळ येईपर्यंत पप्पांची चितेगावच्या कारखान्यातली नोकरी पक्की झाली होती, म्हणून मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं. शाळेत मराठीत बोललं की बाई उभं करायच्या आणि घरी तोंडातून इंग्लिश शब्द गेला की काका-आत्या ‘मॅडम’ म्हणायचे. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं, ते मला लवकर जमलं. फक्त ताईपुढे मला शब्द आधी तपासून घ्यावे लागायचे नाहीत. रात्री अंथरुणावर पडलं की ती माझ्याकडे तोंड करून म्हणायची, ‘हां, बोल आता.’ आणि मग मी दिवसभराचं बोलायची.

ती लग्न होऊन गेली तेव्हा मी कॉलेजात होते. खोली माझी एकटीची झाली. मैत्रिणी म्हणाल्या, मज्जा आहे तुझी. मी हो म्हणाले.

गेल्या वर्षी ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आईनं मागच्या खोलीतला पलंग खिडकीपासून हलवलासुद्धा, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. पण ताईची तिथली कागदपत्रं नेमकी त्याच महिन्यांत अडकली. देश सोडला तर परत घेतील की नाही, याची खात्री कुणी देईना. तेव्हा मग माहेरानंच तिच्याकडे जायचं ठरलं. म्हणजे आईनं. पप्पांना तेवढी रजा मिळत नव्हती, माझी परीक्षा होती, आणि व्हिसा तिघांचा करण्यात अर्थ नव्हता. तोही आला तो उशिरा. तिकीट मिळालं ते डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या जेमतेम दोन आठवडे आधीचं. आईचं म्हणणं एकच होतं, बाळ यायच्या आत मला तिथं पोचवा, मग पुढचं माझं मी बघते.

आई देवगाव रंगारीची. सातवीपर्यंत शिकलेली, विमानात कधी न बसलेली. सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती, तोही रेल्वेनं, चाळीस माणसांबरोबर. पण बोलायला ती कुणाला भीत नाही. भाजीवाल्या खाला, रिक्षावाले मामू, सगळ्यांशी तिचं इथलं हिंदी धाडधाड चालतं. ‘क्या मामू, मीटर को बुखार चढा क्या?’ असं ती म्हणते आणि मामू हसून दहा रुपये कमी करतात. घरात इंग्लिश येणारी मी, आणि अनोळखी माणसाशी बोलू शकणारी ती.

तिकीट माझ्या फोनवर आलं त्या संध्याकाळी करमाडहून आत्या आलेली होती. पप्पांची ही मोठी बहीण. आई जाईपर्यंत आणि गेल्यावर काही दिवस ती आमच्याकडे राहणार होती. पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांजवळ धरला.

‘इथून संध्याकाळचं, दिल्लीपर्यंत. दिल्लीहून पहाटे निघतं,’ ते वाचत म्हणाले. ‘आणि टोरांटोला सकाळी. तारीख तीच. मग काय, पाच-सहा तासच की. एस्टीनं नांदेडला जायला एवढेच लागतात.’

‘तिथलं घड्याळ मागं आहे पप्पा,’ मी म्हणाले. ‘पंधरा तास लागतात.’

‘मागं म्हंजे?’ आत्यानं विचारलं.

‘आपल्याकडं संध्याकाळ झाली की तिथं सकाळ असते. साडेनऊ तास मागं.’

‘मंग ते साडेनऊ तास जातेत कुठं?’

मी पृथ्वी फिरते वगैरे सांगायला लागले. आत्या ऐकत होती, पण पृथ्वीकडे तिचं लक्ष नव्हतं. ‘जातेत कुठं, इमानात बसल्या बसल्या पाय सुजतेत, त्याच्यात जातेत,’ असं तिचं तिनंच ठरवून टाकलं. आई हसली. पप्पांचं समाधान झालं नाही. त्यांनी गच्चीत जाऊन जावयाला फोन लावला आणि परत आल्यावर म्हणाले, ‘पंधरा तास लागतात.’ जणू हे आधी कुणी बोललंच नव्हतं.

मग निरोपाची माणसं यायला लागली. आमच्या सिडकोतल्या कॉलनीत कुणी परदेशी निघालं की अजूनही बायका भेटायला येतात. नारळ आणतात, खण आणतात, आणि बॅगेत वजन वाढतं म्हणून दोन्ही इथंच राहतं. त्या दुपारी पाच-सहाजणी हॉलमध्ये बसल्या होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. समोरच्या घरातल्या काकूंनी आईला विचारलं, ‘काय वहिनी, मग? किती लांब?’

आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, ‘साडेबारा हजार किलोमीटर.’

माझ्यासारखी मुलगी एरवी अशा घोळक्यात बोलत नाही. पण हा प्रश्न असा होता की त्याचं नेमकं उत्तर त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. महिनोन्‌महिने मी ते पाहत आले होते. मी पुढे म्हणाले, ‘हे सरळ हवाई अंतर. दिल्लीवरून गेलं की अजून वाढतं.’

मग काकू म्हणाल्या, ‘मी मोजून दे म्हणले का गं तुला?’

‘पोरगी टेप घेऊनच उभी हाय,’ दुसऱ्या म्हणाल्या.

‘काकू, तुम्ही इचारायचं नव्हतं,’ तिसऱ्या म्हणाल्या. ‘आता बिल करून देईल रिक्षावाल्यावानी.’

सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि ट्रे घेऊन आत गेले. जाताना माझं लक्ष आईकडे गेलं. ती पण हसत होती, पण कप तिनं ओठापर्यंत नेला होता तो तसाच खाली ठेवला.

कप विसळायला आत्या माझ्यामागे आली. ‘अगं मॅडम,’ ती हळूच म्हणाली, ‘निघालेल्या माणसाला कुठं चालला असं इचारत नसतेत. काम होत नाय म्हणतेत. म्हणून किती लांब म्हणायचं. इचारणारीला लांबीशी काय करायचं?’

‘मग सांगायचं काय?’

‘सांगायचं, हे काय, लेकीकडं. मंग ती म्हणती, या जाऊन. झालं.’

हे शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. पप्पा चप्पल घालायला लागले की आई विचारायची, किती लांब? आणि पप्पा म्हणायचे, आलोच. मला वाटायचं, आमच्या घरातल्या इतर उत्तरांसारखं हेही एक मोघम उत्तर आहे. विचारलं अंतर, सांगितलं भलतंच. त्या प्रश्नाला फक्त परत यायचं बोलणं हवं असतं, आणि ‘आलोच’ हेच त्याचं नेमकं उत्तर आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आत्याला यात हसण्यासारखं खूप काही दिसलं. पुढे दोन दिवस ती मला किलोमीटर म्हणून हाक मारत होती.

संध्याकाळी आई बॅग भरत होती. बाजरीचं पीठ, डिंक, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. भरता भरता ती थांबली.

‘साडेबारा हजार,’ ती म्हणाली. ‘आणि आपण तिरुपतीला गेलो होतो ते किती असंल?’

मी आता सावध झाले होते. ‘असेल थोडं.’

‘सांग ना. तुला येतं की.’

‘हजारभर.’

तिनं मनात हिशेब केला. ‘म्हंजे बारा तिरुपत्या. एका तिरुपतीत माझी कंबर गेली होती.’ हे ती गमतीनं म्हणाली, पण नंतर तिनं बॅगेचं झाकण नुसतं टेकवलं, चेन लावली नाही. इतके दिवस ती लेकीकडे चालली होती. आता ती साडेबारा हजार किलोमीटर चालली होती. वाटेत काही झालं तर? दिल्लीत विमान चुकलं तर? उतरल्यावर गोऱ्या साहेबानं काही विचारलं तर? एकेक प्रश्न ती भाजी चिरताना, दिवा लावताना विचारत होती, आणि माझ्याकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. ते ऐकून ती आणखी गप्प होत होती.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. इथं संध्याकाळचे सहा वाजले होते, तिथं सकाळ. ती उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, चेहरा भरलेला.

‘तिथं नर्सा असतेत ना चांगल्या?’ आईनं विचारलं.

‘असतात.’

‘जावईबापू बी सुट्टी काढतेल म्हणले होते.’

‘हो. का गं?’

‘नाय, म्हणलं, मी नंतर आले तर? बाळ जरा मोठं झाल्यावर. माझी अडचणच व्हायची तुम्हाला. मला ना धड बोलता येणार, ना कुठं जाता येणार.’

मी आईच्या खांद्यामागून बघत होते. फोनमध्ये ताईचा अंगठा पहिल्या बोटाच्या नखाच्या कडेवर घासत होता. बारावीच्या निकालाच्या दिवशी ती असं करत होती, आणि लग्नात पाठवणीच्या वेळी. मग ती म्हणाली, ‘तुला जमेल तसं कर आई. मी आहे ठीक.’ नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुझं काय चाललंय?’ मी म्हणाले, काही नाही. फोनवर मला तिच्याशीही बोलता येत नाही. मध्ये कुणीतरी असतंच, आवाज थोडा मागून येतो, दोघी एकदम बोलायला लागतो आणि दोघी थांबतो, तू बोल, नाही तू बोल. मग ज्या गोष्टी अशा थांबत-थांबत सांगता येत नाहीत त्या मनातच राहतात.

आई जाणार नाही असं वाटलं तेव्हा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं, हे खरं. आई गेली तर घरात मी आणि पप्पा. ताई गेल्यावर घर एकदा अर्धं झालंच होतं. पण रात्रभर मला ते नख घासणं दिसत होतं.

सकाळी आई ओट्यापाशी खाली बसून मेथी निवडत होती. आत्या देवळात गेली होती. मी आईसमोर बसले आणि तिच्यासारख्या काड्या खुडायला लागले. मला तिला समजवायचं होतं, पण माझ्याजवळचे सगळे मुद्दे पुन्हा तास आणि किलोमीटरच होते. म्हणून मी वेगळंच विचारलं. कधी विचारलं नव्हतं ते.

‘माझ्या वेळी तुझी आई आली होती का?’

आईनं मान वर केली नाही. ‘ताईच्या वेळंला मीच देवगावला होते. तुझ्या वेळंला इथंच, दवाखान्यात. दुसरं बाळंतपण सासरी.’

‘मग आली होती?’

‘कापसाची वेचणी होती. मजूर मिळंनात. आज निघते, उद्या निघते, असे निरोप यायचे.’ ती मेथीची जुडी उलटीपालटी करत होती. ‘माझ्या खाटेवरनं दार दिसायचं. देवगावची एस्टी कधी येती मला पाठ होतं. स्टँडवरनं दवाखान्यात यायला किती लागतं ते बी. ती वेळ झाली की मी दाराकडं बघायची. बाया यायच्या, गाठोडी घेऊन, दुसऱ्यांच्या.’

‘मग?’

‘मग काय. आली बारशाला. दमली होती. मी काय तिच्याशी बोललेच नाय. ती बी काय बोलली नाय. पदर खोचून भांडी घासायला बसली.’ आईनं जुडी खाली ठेवली. ‘अडीच तासावर होती गं माझी आई. खुलताबादचा घाट उतरला की आलंच.’

एक पान तिनं उगाच दोन वेळा झटकलं. मग म्हणाली, ‘तिकडच्या दवाखान्यात खाटेवरनं दार दिसतं का?’

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, ‘दिसत असेल.’

ती उठली. मेथी तशीच राहिली, पाटीत अर्धी निवडलेली. आतून बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला, मध्ये अडकली, पुन्हा मागे घेतली, मग लागली.

ताईनं आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. म्हणजे दिल्लीत तिला एका विमानातून दुसऱ्या विमानापर्यंत कुणीतरी नेऊन सोडणार होतं. आईला ते आधी पटलं नाही. मला काय झालंय, पाय आहेत की माझे, असं ती म्हणत होती. आत्यानं तिची समजूत काढली. ‘बस की. लग्नात बसली नव्हती बैलगाडीत, आता मिरव.’ त्यानं काम झालं.

चिकलठाण्याचं विमानतळ आमच्या घरापासून जवळ आहे. लहानपणी ताई आणि मी गच्चीवरून विमानं बघायचो, त्यातलं एक आज आईला घेऊन जाणार होतं. आत सोडत नाहीत, म्हणून दारावरच निरोप. पप्पा तिसऱ्यांदा म्हणाले, ‘पाणी पीत राहा.’ आत्यानं तिच्या हातावर दही ठेवलं. माझी वेळ आली तेव्हा मला म्हणायचं होतं की मला पण ताईकडे यायचंय, मला तिला एकदा हात लावून बघायचंय, आणि तू पण लवकर ये. मी म्हणाले, ‘बेल्ट लावायला विसरू नकोस.’ आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. दही लागलं गालाला. मग तिनं दारावरच्या जवानाला स्वतःच विचारलं, ‘भैया, ये चेअरवाले कहां मिलते?’ आणि त्यानं दाखवलं तिकडे ती गेली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित ती गेलीच नसती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिजूंचा फोटो आला. ताई आईच्या गळ्यात पडलेली, मध्ये पोट आल्यामुळे दोघी वाकलेल्या. आईच्या पायांत विमानात दिलेले मोजे आणि त्यांच्यावर चपला. पप्पांनी फोटो मोठा करून सगळ्यात आधी तिचे पाय बघितले. ‘सुजलेत,’ ते म्हणाले, आणि आत्यानं मान हलवली.

बाळ त्यानंतर आठवड्यानं आलं. मुलगी. आई तिथं होती. खाटेवरून दार दिसत होतं की नाही ते मी विचारलं नाही.

आत्या करमाडला परत गेली. घरात पप्पा आणि मी राहिलो. स्वयंपाक मी करायला लागले. पोळ्या बऱ्या व्हायच्या, वरण मात्र रोज वेगळं. पप्पा तक्रार करायचे नाहीत, आणि त्याचंच मला वाईट वाटायचं.

एकदा सहाच्या सुमाराला फोन आला. ताईनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, पण तो घसरला असावा, कारण मला नुसतं छत दिसत होतं. पांढरं छत आणि एक गोल दिवा. बाकी सगळं ऐकू येत होतं. आई बाळाला तेल लावत होती, मधूनमधून काहीतरी पुटपुटत होती, जे बाळाशीच बोलतात. ताई हसत होती. मग आई म्हणाली, ‘सरक, तुझ्या बी डोक्याला लावते, झिंज्या झाल्यात नुसत्या.’ ताई म्हणाली, ‘जोरात नको गं.’ वाटीचा आवाज आला. बराच वेळ दोघी माझ्याशी काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. कणिक मळत होते, फोन डब्याला टेकवला होता.

‘आई, ती बघ ना, बोलतच नाहीये,’ मध्येच ताई म्हणाली.

‘ती कधी बोलती?’ आई म्हणाली. ‘असू दे. ऐकतीये.’

दारात पप्पांच्या गाडीचा आवाज आला. ते कामावरून आले, डबा ओट्यावर ठेवला आणि काही विचारणार तेवढ्यात मी पिठाचं बोट ओठांवर ठेवलं. ते चपला न काढता तसेच माझ्याशेजारी उभे राहिले. तिकडे कंगवा कुठंतरी अडकला, ताई ओरडली, आई म्हणाली, ‘हललीस ना मग.’ आणि आम्ही दोघं त्या छताकडे बघत राहिलो.